शिवणबाईंच्या दोन रांगा

शिवणबाई ओठ मिटूनच बोलायच्या. दातांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असायच्या, आणि त्या पडू नयेत म्हणून शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून बाहेर यायचे. नव्या माणसाला वाटायचं, बाई आपल्यावर चिडल्या आहेत. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी माझाही तोच समज झाला. मी नमस्कार केला, तर त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "सर, कॉलर उसवलीय. मधल्या सुट्टीत या." मधल्या सुट्टीत गेलो. सदरा अंगावर असतानाच त्यांनी टाके घातले, टाचण्या सांभाळत दोरा दातांनी तोडला आणि मला जायची खूण केली. आमची ओळख झाली ती अशी.

ही साधारण सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट. आमची शाळा पिंपरीत, हायवेपासून थोडी आत होती. बालवर्गापासून सातवीपर्यंतचे वर्ग, निम्मे दगडी इमारतीत आणि निम्मे पत्र्याच्या शेडमध्ये. त्या दिवसांत आसपास दर वर्षी नवी कंपनी उभी राहायची, आणि प्रत्येक कंपनीमागे आमच्याकडे नवी पोरं यायची. कुणाचा बाप फाउंड्रीत, कुणाचा पॅकिंगला, कुणाचा अजून गेटवर चिकटायच्या खटपटीत. काही पोरं थेरगाव, पिंपळे गुरवकडच्या शेतकऱ्यांची होती, ती नदीपलीकडून चालत यायची. पहिली शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला की शाळा सुटायची वेळ झाली हे पहिलीतल्या पोरालाही कळायचं.

शिवणबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. तरुणपणी नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चिंचवडगावात एका खोलीत भाड्याने राहायच्या आणि डबा घेऊन चालत शाळेत यायच्या. जिन्याखालच्या खोलीत त्यांची दोन मशिनं होती. मुलींना रुमाल, झबली, उशीचे अभ्रे शिकवणं हे त्यांचं नेमलेलं काम. न नेमलेलं काम मोठं होतं. ते मे महिन्यात सुरू व्हायचं.

सुट्टी लागली की बाई पिशव्या घेऊन ऑफिसर लोकांच्या बंगल्यांमधून फिरायच्या. तिथल्या मुलांना लहान झालेले पांढरे सदरे, खाकी चड्ड्या, निळे स्कर्ट गोळा करायच्या. सातवी होऊन गेलेल्या पोरांच्या घरीही जायच्या. मागण्यात लाचारी नव्हती. एकदा मी बरोबर होतो. एका बंगल्यातल्या बाईंनी बाहेर येऊन गाठोडं पुढे केलं. शिवणबाईंनी ते दारातच सोडलं, एकेक कपडा उजेडात धरला, निम्मे परत दिले आणि म्हणाल्या, "फाटलेलं नको. फाटलेलं आमच्याकडे पुष्कळ आहे." त्या बाई आत जाऊन चांगले दोन सदरे घेऊन आल्या. पुढच्या वर्षी त्यांनी आपण होऊन निरोप पाठवला.

बाई येण्याआधी हे कपडे हेडसर वाटायचे. जो आधी येईल त्याला, हाताला लागेल ते. त्यामुळे दुसरीतलं पोर सातवीतल्याचा सदरा घालून, बाह्या लोंबवत फिरायचं, आणि शेवटी ढिगात उरायचे ते कुणाच्याच अंगात न जाणारे बारके सदरे. कपडे उरलेले आणि पोरंही उरलेली. बाईंना हे पहिल्याच जूनमध्ये सहन झालं नाही. त्यांनी हेडसरांकडून ते काम मागून घेतलं आणि दोन रांगा केल्या. एक मुलांची, उंचीप्रमाणे, सगळ्यात बुटकं पोर पुढे. दुसरी सदऱ्यांची, मैदानावर सतरंजी टाकून तिच्यावर, लहानापासून मोठ्यापर्यंत. मग त्या दोन्ही रांगांच्या मधून चालत जायच्या. पहिल्या पोराला पहिला सदरा लावून बघायचा. झाला तर दिला. नाही झाला तर पुढचा. जो सदरा अंगात जाईल त्यातला सगळ्यात लहान, त्याहून मोठा द्यायचा नाही. मोठा सदरा दुमड घालून लहान करता येत होता, लहान मोठा करता येत नव्हता, म्हणून मोठ्याला त्या जपायच्या.

यावरून आयांशी वाद व्हायचे. पिंपळे गुरवची एक बाई आपल्या पोराच्या अंगावरचा सदरा ओढून दाखवत म्हणाली, "ओ बाई, जरा थोरला द्या की. पुढल्या साली बी चालंल."

"पुढच्या सालाचं पुढच्या साली बघू," शिवणबाई म्हणाल्या. "तो थोरला आत्ता ज्याला लागतो, तो मागं उभाय."

"मागल्याचं मला काय करायचंय?"

"मला करायचंय."

त्या दोन रांगांनी खरंच मोठा फरक पडला. सतरंजीवर एकही सदरा उरेना. जेवढे कपडे तेवढ्या पोरांच्या अंगावर, एकही वाया नाही. बाईंना त्याचा अभिमान होता. तो त्या बोलून दाखवत नसत, पण रिकामी सतरंजी झटकताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा. हेडसर पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे गणवेशाचं वाटप शास्त्रशुद्ध होतं.

सदरे संपायचे, पोरं मात्र उरायचीच. रांग बुटक्यापासून सुरू व्हायची म्हणून उरायची ती शेवटची, उंच पोरं. लहान सदरे कधीच पुरायचे नाहीत, मग राहिलेल्या बारक्यांना मधले द्यावे लागायचे, मधल्या पोरांना थोडे मोठे, त्यांच्या मागच्यांना आणखी मोठे. असं करत करत थोरले सदरे मधेच संपून जायचे. उरलेल्यांना बाई सांगायच्या, "पुढच्या वर्षी." बहुतेकांचं दिवाळीपर्यंत भागायचं. बापाला बोनस मिळायचा, नवा सदरा यायचा. ज्यांच्या बापाला बोनस नव्हता त्यांचं भागत नसे.

उत्तम नावाचा मुलगा त्यातलाच होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबातला. बाप सोपानराव एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे रोजावर. गावाकडे दोन वर्षं शाळा बुडालेली, त्यामुळे उत्तम पाचवीत आला तेव्हाच माझ्या कानाला लागत होता. हाडं मोठी, आवाज बारीक, बोलणं कमी. मी भूगोल शिकवायचो. नकाशा खिळ्याला अडकवायचं काम त्याच्याकडे होतं, कारण स्टुलाशिवाय हात पोचणारा वर्गात तो एकटाच. नकाशा लावून झाला की तो जागेवर जायच्या आधी थोडा वेळ तिथेच उभा राहून बघायचा. एकदा मला म्हणाला, "सर, नदी पानी कुटून आनती ते सापडलं की मला लई बरं वाटतं."

पहिल्या जूनमध्ये तो रांगेच्या शेवटी उभा राहिला आणि सदरे संपले. दुसऱ्या जूनमध्येही तसंच झालं. हेडसरांचा नियम असा की गणवेश नसलेल्या मोठ्या मुलांनी प्रार्थनेला भिंतीकडे वेगळं उभं राहायचं. ते क्रूर नव्हते. ते म्हणायचे, उद्या कंपनीत जाल तर ड्रेसशिवाय गेटच्या आत घेणार आहेत का, आत्तापासून सवय लागू दे. पहिली-दुसरीच्या पोरांना हा नियम नव्हता. ती कशातही आली तरी चालायची. उत्तम भिंतीकडे उभा राहायचा, निळ्या चौकडीच्या सदऱ्यात, जो आधी बापाचा होता.

मी शिवणबाईंना एकदा म्हटलं, त्याला एक शिवून टाका ना.

त्यांनी मशीन थांबवलं. "कापड मुलींच्या रुमालांसाठी येतं, सर. त्यातून काढलं तर चोरी. आणि माझ्या पदरचं घालून एकाला शिवला, तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याला काय सांगू? तू मला कमी आवडतोस म्हणून?"

बाईंचा सगळा आब त्यांच्या या निःपक्षपातीपणावर उभा होता. त्या कुणाच्या नातेवाइकाला आधी देत नसत, रडणाऱ्याला जास्त देत नसत, ट्रस्टींच्या ड्रायव्हरच्या पोरालाही रांगेत उभं करायच्या.

तिसऱ्या जूनमध्ये उत्तम रांगेत आलाच नाही. कडुनिंबाखाली बसला होता. बाईंनी स्वतः हाक मारून त्याला शेवटी उभं केलं. त्या वर्षी सतरंजीवरचे सदरे त्याच्यापर्यंत पोचायच्या बऱ्याच आधी संपले. त्या त्याला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नक्की." तो म्हणाला, "हो बाई." पुढच्या वर्षी तो आठवीला, म्हणजे आमच्या शाळेबाहेर जाणार होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नसावं. किंवा त्याच्या आलं असेल.

सहामाहीनंतर तो दिसेनासा झाला. अशी पोरं गळायची, त्यात नवल नव्हतं. नकाशा मी स्टुलावर चढून लावू लागलो.

वर्ष संपत आलं होतं तेव्हा सोपानराव शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीच्या दारात चपला काढून उभे राहिले. चहाची वेळ होती, शिवणबाईही होत्या. मी विचारलं, काय हो, उत्तम कुठंय?

"त्याचाच दाखला पायजे होता सर. मालक म्हनतो वय दाखवा."

"कसला मालक?"

"भोसरीला वर्कशॉपात लावला होता. पत्रा कापायच्या प्रेसवर. घरी बसून तरी काय करनार, म्हनलं." त्यांनी खाली चपलांकडे पाहिलं. "बोटं गेली त्याची."

मग बाईंनी विचारलं, "कुठल्या हाताची?"

"उजव्या. अंगठा हाय आन् ही करंगळी. मधली गेली."

बाईंनी दातांतल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. मग नीट, मोकळ्या तोंडाने म्हणाल्या, "शाळा का सोडली त्यानं?"

सोपानरावांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि आमचं मनही दुखवायचं नव्हतं. "भिंतीकडं हुभं ऱ्हायची लाज वाटती म्हनला. मोठं झालं ना आता लेकरू. बारक्या पोरी हसत्यात. मी म्हनलं बोनसवाल्या कंपनीत लागलो की घेऊ. त्यानं नाय ऐकलं."

पुढच्या रविवारी बाई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. पवनेच्या काठावर पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली एक. आई गयाबाईंनी गोधडी अंथरली, चहा टाकला. उत्तम दारात बसला होता, हात फडक्यात गुंडाळलेला. आणखी उंच झाला होता. आम्हाला पाहून उठायला लागला तर चौकटीला डोकं लागलं, आणि तो ओशाळून हसला.

बाईंनी पिशवीतून सदरा काढला. पांढरा, नवा, त्यांनीच शिवलेला. बटणं मोठी होती आणि काजं सैल, डाव्या एका हाताने लावता येतील अशी. उत्तमने तो मांडीवर घेतला, हात फिरवला.

"बाई, आता कशाला? वर्कशॉपात कायबी घातलेलं चालतं." आवाजात टोमणा नव्हता. तो त्यांना समजावत होता.

गयाबाई म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं नाय बाई. तुमी समद्यांना सारखंच देता, हे म्या सोता बघितलंय. आमच्याच नशिबात नवतं."

बाईंनी चहा पूर्ण प्यायला. परतीच्या वाटेवर पुलावर थांबल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं दम लागला. त्या म्हणाल्या, "सर, बारकं पोर रडतं. उंच पोर रडत नाही. मला रडलेलं ऐकू यायचं, म्हणून मी त्या टोकानं सुरू केलं होतं." आणि पुन्हा चालू लागल्या.

त्या जूनमध्ये त्यांनी रांग उलटी केली. सगळ्यात उंच पोर पुढे, सतरंजीवर सगळ्यात मोठा सदरा पुढे. सातवीतल्या उंच पोराला सगळ्यात मोठा, त्याच्या मागच्याला त्याहून लहान, असं करत खाली यायचं. माझ्या हातात खडू होता, दिलेल्या प्रत्येक सदऱ्याला शेडच्या भिंतीवर एक रेघ मारायची. मला भीती वाटत होती. एवढी वर्षं बसवलेली व्यवस्था बाई एका दुःखापायी मोडत आहेत, आता पूर्वीसारखे सदरे वाया जाणार आणि निम्मी पोरं उघडी राहणार, असं मला वाटलं.

तसं काहीच झालं नाही. थोरले सदरे थोरल्यांना गेले, मधले मधल्यांना, बारके बारक्यांना. दुमडीही फारशा घालाव्या लागल्या नाहीत. सतरंजी रिकामी झाली. पोरं या वेळीही उरली, पण ती मधूनमधून, आणि बहुतेक पहिली-दुसरीतली. त्यांना प्रार्थनेला कुणी भिंतीकडे पाठवत नसे. त्यातली दोन मोठ्याने रडली आणि थोड्या वेळाने लगोरी खेळायला पळाली.

"किती झाले?" बाईंनी विचारलं.

मी रेघा मोजल्या. "सगळे गेले, बाई. जेवढे सदरे होते तेवढे."

"एकही नाही उरला?"

"नाही."

"परत मोजा."

मी परत मोजलं. तेवढेच. त्या टोकाने सुरुवात करा की या टोकाने, सदरा एकही वाया जात नव्हता आणि कपडे मिळालेली पोरं तेवढीच राहत होती. उरणारी पोरं तेवढी वेगळी. ही गोष्ट कुणालाही कळण्यासारखी होती. हेडसरांना, मला, स्वतः बाईंना. पण रिकामी सतरंजी दिसली की आम्हा सगळ्यांचं समाधान व्हायचं, आणि रांगेच्या शेवटी दर वर्षी तेच पोर उभं आहे इकडे बघायचं राहून जायचं.

बाई सतरंजीवरच बसल्या. पोरं नवे सदरे घालून भोवती नाचत होती. एक मुलगी आपला स्कर्ट गोल फिरवून त्यांना दाखवत होती. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर कुठेच नव्हती. "म्हणजे तेव्हाही झालं असतं," त्या म्हणाल्या. "कुणाचंही काही न काढता झालं असतं."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळणार होतं?"

"फिरून दुसऱ्या टोकाला उभं राहायचं होतं, सर. तेवढंच करायचं होतं."

त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत वाटप उंच टोकापासूनच झालं. हेडसरांनीही भिंतीचा नियम हळूहळू सोडून दिला, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तर तिथे उभं करायला कुणी उरलं नाही म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं पूर्वीपेक्षा चांगलं चाललं होतं. बाई मात्र आटत गेल्या. मे महिन्यात बंगल्यांवर जायच्या, पण वाद घालत नसत. कुणी फाटकं दिलं तरी घ्यायच्या आणि घरी बसून ठिगळ लावायच्या. आयांना एखादा मोठा सदरा हवा असला तर न बोलता द्यायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, असं केलंत तर पुन्हा घोळ होईल. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून बरोबर होतं यावर माझा विश्वास राहिला नाही हो."

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल झाली. पुढे मी अधूनमधून त्यांच्या खोलीवर जायचो. मशीन त्यांनी एका मुलीला देऊन टाकलं होतं. उत्तमचं नाव त्या सहसा काढत नसत. एकदाच काढलं, आणि तेही आजारी असताना. मी उशाशी बसलो होतो. म्हणाल्या, "तीन वर्षं मी त्याला पुढच्या वर्षी म्हणाले. त्यानं एकदा तरी भांडायला पाहिजे होतं माझ्याशी. भांडला असता तर मी मागं वळून बघितलं असतं." मग म्हणाल्या, "पण भांडायला मी त्याला कुठं शिकवलं? मी तर रांगेत उभं राहायला शिकवलं."

त्या गेल्या ते ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात, सकाळी. कळवण्यासारखं नातं फारसं नव्हतं. साताऱ्याकडचा एक पुतण्या होता, तो दुपारपर्यंत पोचणार होता. घरमालकांचे दोन मुलगे, शाळेतले आम्ही तिघं-चौघं, काही जुन्या विद्यार्थिनी, एवढीच माणसं जमली. उत्तम तेव्हा चिंचवडच्याच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. त्याला कुणी सांगितलं ठाऊक नाही. शिफ्ट संपवून खाकी ड्रेसवरच आला, टोपी काढून काखेत धरली आणि दाराबाहेर, सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा घरमालकांनी उंची पाहून माणसं लावायला सुरुवात केली, सारख्या उंचीची पुढे, सारखी मागे, म्हणजे कलणार नाही. मी बुटका, म्हणून मागे. माझ्या जोडीला कोण, हे ते बघत होते तोवर उत्तम पुढे आला आणि माझ्या शेजारचा बांबू त्याने धरला. घरमालक म्हणाले, "अरे भाऊ, तू राहू दे. तू फार उंच पडतोस, तोल जाईल."

"नाय जाणार," तो म्हणाला.

आणि तो गुडघ्यांत वाकला, माझ्या खांद्याच्या रेषेत येईपर्यंत. तसाच चालू लागला. दोन बोटांच्या हाताने बांबू धरलेला, पाय मुडपलेले, एवढा मोठा माणूस. चिंचवडगावातून नदीच्या घाटापर्यंतची वाट उताराची आणि खड्ड्यांची होती. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मागून दोघं-तिघं आळीपाळीने येऊन म्हणाले, दमला असशील राव, खांदा बदल. मीही म्हटलं.

"राहू द्या सर," तो म्हणाला. "जमतंय."

घाटापर्यंत त्याने खांदा कुणाला बदलू दिला नाही.